उरल्यासुरल्या कापडांची गोधडी : सहा इंची पारंपरिक ब्लॉकपासून गोटापर्यंत

शिवणकाम करणाऱ्या घरात चिंध्यांची एक पिशवी असतेच. तुकडे टाकवत नाहीत आणि वापरायला काढले, तर एकमेकांशी जुळत नाहीत. मग पिशवी पुन्हा कपाटात जाते. पण तुकड्यांच्या गोधडीत रंग जुळवायचेच नसतात. जुळवायचा असतो तो फिकेपणा आणि गडदपणा. निळ्याशेजारी केशरी, चौकड्यांशेजारी फुले, पट्ट्यांशेजारी ठिपके, सगळे चालते. फक्त फिक्याच्या जागी फिके आणि गडदाच्या जागी गडद पडले पाहिजे. एवढे सांभाळले की कितीही वेगवेगळी कापडे एका नक्षीत उभी राहतात.

म्हणूनच या कामाला पारंपरिक ब्लॉक उत्तम. ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला एकेक नक्षीदार चौकोन; असे चौकोन जोडून गोधडी होते. नाइन पॅच, चर्न डॅश, लॉग केबिन, आयरिश चेन हे १९ व्या शतकात अमेरिकेत घरोघरी शिवले गेलेले ब्लॉक आहेत. लॉग केबिनची लाट १८६० च्या दशकात आली. पुढे १९३० च्या मंदीत पीठ आणि पशुखाद्याच्या छापील सुती पोत्यांमधूनही हेच ब्लॉक निघाले. यांत सगळ्या शिवणी सरळ असतात, आकार दोन-तीनच असतात आणि एका ब्लॉकला कापड फार थोडे लागते. शिवाय नक्षी सगळी फिक्या-गडदाच्या मांडणीवर उभी असते, रंगांवर नाही.

खाली सगळे ब्लॉक ६ इंचांचे धरले आहेत. सुरुवातीला एकच माप धरा असा माझा आग्रह आहे. माप एक असले की आज शिवलेला ब्लॉक वर्षभराने शिवलेल्या ब्लॉकशेजारी बसतो.

कोणते कापड ठेवायचे

घट्ट विणीचे सुती कापड सर्वांत चांगले. जुन्या शर्टांची पाठ आणि बाह्यांचा वरचा भाग, चादरींच्या कडेचे पट्टे, कपडे शिवताना उरलेले तुकडे, सगळे चालते. जुने कापड उजेडासमोर धरून बघा. वीण विरळ दिसली, तर तो भाग सोडा. शर्टाची काख, कोपर आणि कॉलरची घडी या जागा वरून ठीक दिसल्या, तरी आतून झिजलेल्या असतात. असा तुकडा गोधडीत गेला तर शिवण टिकते आणि कापड शिवणीलगत फाटते, आणि मधलाच चौकोन बदलणे फार किचकट काम आहे.

कापड सुती आहे की नाही कळत नसेल, तर त्यातला एक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या नळाजवळ पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी तयार होतो. थोडे मिश्रण असलेले शर्टाचे कापड वापरता येते, फक्त इस्त्री बेताची ठेवा. टी-शर्टसारखे ताणणारे कापड मात्र पहिल्या गोधडीत घेऊ नका.

गडद लाल, गडद निळे आणि काळे कापड रंग सोडते का ते आधीच तपासा. ओल्या पांढऱ्या कपड्यावर तुकडा ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. खाली डाग उमटला, तर रंग सुटणे थांबेपर्यंत तुकडा धूत राहा. थांबतच नसेल, तर तो बाजूला ठेवा. लहान तुकडे मशीनमध्ये सुटे टाकू नका, कडांचे धागे निघून सगळ्यांचा गुंता होतो. जाळीच्या पिशवीत घालून हाताने धुवा.

फिके, मधले, गडद

या टप्प्याला हवा तेवढा वेळ द्या, कारण गोधडी इथेच ठरते. सगळे तुकडे दिवसाउजेडी जमिनीवर पसरा आणि डोळ्यांना वाटेल तसे तीन ढीग करा: फिके, मधले, गडद. मग मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा.

अंदाज कुठे चुकला ते फोटोत लगेच दिसते. पिवळा रंग भडक असल्यामुळे हात त्याला गडदात टाकतो, पण फोटोत तो जवळजवळ पांढरा निघतो. लाल आणि हिरवा समोरासमोर ठेवले, तर डोळ्यांना केवढे वेगळे दिसतात. फोटोत मात्र पुष्कळदा दोन्ही एकाच छटेचे करडे. असे दोन तुकडे फिक्या-गडदाची जोडी म्हणून वापरले, तर ब्लॉकची नक्षी चार पावलांवरून पुसली जाते. मोठ्या छापाचे कापड वेगळ्या कारणाने फसवते: एकाच कापडातून कापलेला एक चौकोन पांढरा येतो आणि दुसरा काळपट. त्यामुळे असे कापड कापून झाल्यावर चौकोन एकेक बघून ढिगात टाका.

मधल्या ढिगाची चिंता करू नका. मधला तुकडा अगदी फिक्याशेजारी बसवला की गडद दिसतो, आणि गडदाशेजारी फिका. प्रत्येक ब्लॉकपुरता हा निर्णय करायचा. ज्या गोधड्यांमध्ये सगळेच फिके अगदी पांढरे आणि सगळेच गडद अगदी काळे असतात, त्या मला थोड्या कोरड्या वाटतात. दोन-चार ब्लॉकमध्ये फरक कमी ठेवला, तर नक्षी तिथे जरा मंदावते आणि बाकीची उठून दिसते.

कापायची मापे

शिवणीसाठी सोडायच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. गोधडीत ती पाव इंच असते आणि दोन्ही बाजूंना लागते. म्हणून शिवून झाल्यावर जे माप हवे, त्यापेक्षा अर्धा इंच जास्त कापायचे. २ इंची चौकोनाला अडीच इंच, १ इंची पट्टीला दीड इंच, ६ इंची ब्लॉकला साडेसहा इंच.

उरलेल्या कापडातून पुढचीच मापे काढा: साडेसहा इंची चौकोन, ३ इंची चौकोन, अडीच इंची चौकोन आणि पट्ट्या, दीड इंची पट्ट्या. प्रत्येक तुकड्यातून जे मोठ्यात मोठे माप निघेल ते आधी कापा आणि मग उरलेल्यातून लहान. उलट केले, तर पिशवी अडीच इंची चौकोनांनी भरते आणि मोठा चौकोन हवा असतो तेव्हा मिळत नाही. दीड इंचापेक्षा अरुंद उरेल तेही ठेवा, त्याचे काम खाली येते.

कापताना चौकोनाच्या कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर हव्यात. तिरकी कड ओढली की लांबते आणि ब्लॉक वाकडा होतो. कापडाचा काठ, म्हणजे पन्ह्याच्या दोन्ही टोकांची घट्ट किनार, काढून टाका; ती धुतल्यावर वेगळी आखडते. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), खाली ठेवायची मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी असेल, तर काम भराभर होते. नसेल, तर कडक पुठ्ठ्याचा नेमका चौकोन कापा, पेन्सिलने आखा आणि धारदार कात्रीने कापा. पुठ्ठ्याच्या कडा आखून आखून झिजतात, म्हणून अधूनमधून तो मोजून बघा.

पाव इंच म्हणजे पाव इंचच

शिवायला बसण्याआधी ही चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या, लांबी कितीही. एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली, तर माया जास्त जाते आहे; जास्त भरली, तर कमी. मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला टेकवून शिवा आणि मधली पट्टी १ इंच येईपर्यंत चिकटपट्टी सरकवत राहा.

एवढी काटेकोरी कशाला, तर गणित असे आहे: पुढे दिलेल्या गोधडीत ९ ब्लॉकची एक ओळ आहे. सगळे ब्लॉक नाइन पॅच असते, तर त्या ओळीत २७ चौकोन आणि २६ शिवणी आल्या असत्या. प्रत्येक शिवणीत इंचाचा सोळावा भाग जरी चुकला, तरी ओळ दीड इंचाहून जास्त कमी-अधिक होते. तुकड्यांचे आणि सलग ब्लॉक एकाआड एक असले की त्याहून वाईट: दोन्हींची मापे वेगळी पडतात आणि कोपरे भेटत नाहीत.

टाक्याची लांबी २ ते सव्वादोन मिलिमीटर, सुई ८० नंबरची, धागा सुती आणि बारीक. हाताने शिवत असाल, तर पाव इंचाची रेघ आखून घ्या, तिच्यावर बारीक धावदोरा घाला आणि दर इंचभराने एक टाका मागे घ्या.

नाइन पॅच

पहिल्या गोधडीला हाच घ्या. अडीच इंची ५ गडद आणि ४ फिके चौकोन लागतात. गडद चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी, फिके मधल्या चार जागी. तीन-तीन चौकोनांच्या तीन ओळी शिवा, मग ओळी एकमेकींना जोडा.

इस्त्री महत्त्वाची आहे. ती पुढे-मागे घासायची नाही, उचलून ठेवायची आणि दाबायची. घासली की कापड ताणते. आधी शिवण जशी आहे तशीच मिटलेली दाबा, मग उघडून माया गडद कापडाकडे वळवा. असे केले की पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची माया बाहेर वळते आणि मधल्या ओळीची आत. ओळी समोरासमोर धरल्या की दोन मायांच्या कडा एकमेकींना अडतात. बोटांनी चाचपून बघा, दोन्ही घट्ट बसल्याचे कळते. तिथे टाचणी लावून शिवले की चार कोपरे एका बिंदूत मिळतात.

बरेच ब्लॉक करायचे असतील, तर चौकोन एकेक जोडत बसू नका. अडीच इंची पट्ट्या घ्या, साधारण १० इंच लांबीच्या. गडद-फिकी-गडद असा एक संच आणि फिकी-गडद-फिकी असा दुसरा संच शिवा. दोन्ही संच आडवे अडीच-अडीच इंचांवर कापा. पहिल्या संचाचे दोन आणि दुसऱ्याचा एक काप मिळून एक ब्लॉक होतो. लांब पट्ट्या घेतल्या, तर काम आणखी वेगाने होते, पण एकच जोडी गोधडीभर दिसते. आखूड पट्ट्यांमध्ये कापडांची सरमिसळ टिकते, म्हणून मला त्याच पसंत आहेत.

शिवताना प्रत्येक जोडीनंतर धागा कापू नका. एक जोडी संपली की पुढची लगेच सुईखाली सरकवा. सगळ्यांची माळ झाली की शेवटी कापा. वेळ आणि धागा दोन्ही वाचतात.

लॉग केबिन

मध्यभागी अडीच इंची चौकोन, भोवती दीड इंच रुंदीच्या पट्ट्या. मधला चौकोन लाल ठेवायची जुनी रीत आहे. घरातल्या चुलीची ती खूण, असे सांगतात. पट्ट्या याच क्रमाने आणि याच लांबीच्या जोडा: फिकी अडीच, फिकी साडेतीन, गडद साडेतीन, गडद साडेचार, मग फिकी साडेचार, फिकी साडेपाच, गडद साडेपाच, गडद साडेसहा. एकाच दिशेने फिरत जायचे आणि माया दरवेळी बाहेरच्या बाजूला वळवायची.

पट्ट्या आधीच या मापांना कापून घ्या. लांब पट्टी शिवून उरलेली नंतर छाटणे सोपे वाटते, पण शिवताना पट्टी नकळत ताणली जाते आणि दुसऱ्या फेरीनंतर ब्लॉकच्या कडांना लहरी येतात. मापाची पट्टी ब्लॉकच्या कडेला बरोबर बसली नाही, तर आधीची शिवण चुकल्याचे तिथल्या तिथे समजते आणि एकच शिवण उसवावी लागते.

ब्लॉक तयार झाला की कर्णाच्या एका बाजूला फिके आणि दुसऱ्या बाजूला गडद असते. पुढची सगळी मजा मांडणीत आहे. सगळे ब्लॉक एकाच दिशेने लावले तर तिरक्या छाया, आलटून-पालटून फिरवले तर गोधडीभर तिरके पट्टे, मध्याभोवती फिरवत नेले तर एकात एक हिरे. एकात एक हिऱ्यांसाठी उभे आणि आडवे, दोन्हीकडचे ब्लॉक सम संख्येत हवेत.

चर्न डॅश आणि चिंध्यांचा ब्लॉक

चर्न डॅश नाइन पॅचच्याच ३ x ३ जाळीवर बसतो. कोपऱ्यांत अर्धे फिके, अर्धे गडद चौकोन लागतात. त्यासाठी ३ इंची २ फिके आणि २ गडद चौकोन घ्या. एक फिका आणि एक गडद सुलट बाजू समोरासमोर ठेवून कर्ण आखा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा आणि कर्णावर कापा. एका जोडीतून दोन चौकोन मिळतात. ते उघडून, इस्त्री करून अडीच इंचांना छाटा, छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवा. मधल्या चार जागी दीड x अडीच इंचाचे एक फिके आणि एक गडद कापड लांब बाजूने जोडा. मध्यभागी अडीच इंची फिका चौकोन. कोपऱ्यांचे आणि जोडपट्ट्यांचे गडद अंग मध्याकडे येईल असे मांडा.

दीड इंचाहून अरुंद पट्ट्यांसाठी पातळ जुन्या सुती कापडाचे ७ इंची चौकोन पाया म्हणून घ्या. कर्णावर एक पट्टी सुलट बाजू वर करून ठेवा. तिच्यावर दुसरी सुलट बाजू खाली करून ठेवा, पायासकट शिवा, उलटवून दाबा. असे दोन्ही कोपऱ्यांपर्यंत भरा आणि साडेसहा इंचांना छाटा. पट्ट्या कमी-जास्त रुंदीच्या किंवा तिरक्या असल्या तरी पाया त्यांना धरून ठेवतो.

किती ब्लॉक, कशी मांडणी

एका माणसाला पुरेशी ५४ x ६६ इंचांची गोधडी धरू. आडवे ९ आणि उभे ११, एकूण ९९ ब्लॉक. एक नाइन पॅच, एक सलग चौकोन असे आलटून-पालटून लावले की सिंगल आयरिश चेन होते, गडद चौकोनांच्या तिरक्या साखळ्या गोधडीभर धावतात. दोन्ही संख्या विषम असल्यामुळे चारही कोपऱ्यांत नाइन पॅचच येतो. ५० नाइन पॅचना २५० गडद आणि २०० फिके चौकोन लागतील. ४९ सलग चौकोनांना साडेसहा इंची फिके कापड. हे सलग कापड एकाच जुन्या चादरीतले असेल, तर सगळ्या चिंध्या शांतपणे एकत्र बसतात. नवे घ्यायचे, तर ४४ इंच पन्ह्याचे पावणेदोन मीटर पुरे.

जोडण्याआधी सगळे जमिनीवर मांडा आणि पुन्हा कृष्णधवल फोटो काढा. एकच कापड दोनदा शेजारी आले आहे का, एका कोपऱ्यात गडदाचे ओझे झाले आहे का, ते बघा. एकदा दुरुस्त करा आणि थांबा. दहा वेळा हलवून फार फरक पडत नाही. प्रत्येक ओळीच्या पहिल्या ब्लॉकला क्रमांकाची चिठ्ठी टाचा. ओळी शिवून झाल्या की एका ओळीची माया सलग चौकोनांकडे वळते. पुढच्या ओळीतही तसेच केले, तर ओळी आपोआप एकमेकींत बसतात.

तीन थर

अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंना ४ इंच मोठे हवे, म्हणजे ६२ x ७४ इंच. ४४ इंची पन्ह्याचे कापड आडवे जोडले, तर ६२ इंचांचे दोन तुकडे, म्हणजे सव्वातीन मीटर लागते. उभे जोडले, तर पावणेचार मीटरच्या वर. आडवीच शिवण ठेवा. मधल्या थराला सुती बॅटिंग, म्हणजे आत भरायचा मऊ सपाट थर, किंवा जुने पातळ ब्लँकेट चालते. सुती बॅटिंग धुतल्यावर थोडी आखडते आणि गोधडीला बारीक सुरकुत्या पडतात. मला त्या आवडतात. नको असतील, तर पॉलिस्टर बॅटिंग घ्या.

अस्तर उलट बाजू वर करून जमिनीला चिकटपट्ट्यांनी लावा. ते सपाट हवे, ताणलेले नको. ताणले, तर सोडल्यावर आखडते आणि मागे चुण्या पडतात. त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा थर. मध्यापासून कडांकडे जात दर ४ इंचांवर सेफ्टी पिन लावा, किंवा लांब कच्चे टाके घाला. हे कंटाळवाणे काम आहे, पण मागच्या चुण्या इथेच टळतात.

थर एकत्र शिवणे

मशीनवर शिवायचे तर थर एकत्र ओढणारा वॉकिंग फूट हवा, सुई ९० नंबरची आणि टाका अडीच ते ३ मिलिमीटर. साखळ्यांवरून तिरक्या सरळ रेघा मारा; नक्षीही उठते आणि आखायचे कामही कमी. सुरुवात मध्यातून करा. दोन रेघांत किती अंतर चालते ते बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलेले असते. साधे ब्लँकेट असेल, तर ४ इंचांहून जास्त ठेवू नका.

हाताने करायचे असेल, तर ९ किंवा १० नंबरची आखूड सुई आणि अंगुस्तान घ्या. धाग्याला लहान गाठ मारा, सुई थोडे अलीकडून आत घाला आणि धाग्याला हलका हिसका द्या. गाठ वरच्या कापडातून आत जाऊन बॅटिंगमध्ये अडकते. सुईवर तीन-चार टाके भरून मग ओढा. टाके बारीक असण्यापेक्षा सारखे असणे महत्त्वाचे.

गोट

गोटासाठी अडीच इंची पट्ट्या एकूण साधारण २५२ इंच लागतात. एकाच कापडाच्या काढायच्या, तर ४४ इंची पन्ह्याच्या ७ पट्ट्या, म्हणजे अर्धा मीटर. उरलेल्या तुकड्यांच्या काढल्या, तर शोभा आणखी वाढते. पट्ट्यांची टोके तिरकी जोडा, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, मोकळ्या कडा गोधडीच्या पुढच्या कडेला लावून पाव इंचावर शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून टाका पक्का करा, पट्टी सरळ वर दुमडा, मग नव्या कडेला समांतर खाली आणा आणि अगदी कडेपासून पुन्हा शिवायला लागा. घडी मागे वळवून हाताने तुरपाई करा. पुढच्या बाजूला टाका दिसू देऊ नका.

पहिली धुलाई गार पाण्यात, सौम्य साबणाने, एकटीच. रंग सुटण्याची शंका असलेले एखादे कापड आत गेले असेल, तर रंग शोषणारा कागद सोबत टाका. पाणी निघाल्यावर एका टोकाने उचलू नका, ओल्या गोधडीच्या वजनाने शिवणी ताणतात. खालून दोन्ही हातांनी आधार द्या आणि सावलीत आडवी वाळवा. मागच्या कोपऱ्यात सुती पट्टीवर वर्ष, ब्लॉकचे नाव आणि कापडे कुठली ते न पुसणाऱ्या शाईने लिहून पट्टी शिवून टाका.